घडीमास्तरांचं घरचं माणूस

छत्र्यांच्या दालनात शिरलं की माणसाचा आवाज आपोआप खाली यायचा. तशी कुठे पाटी नव्हती. पण लांबच लांब टेबलं, त्यांवर पसरलेलं पांढरं झिरझिरीत कापड, वरच्या काचांतून झिरपणारा दुधी उजेड, हे सगळं बघून कवायतीच्या मैदानावर बोंबलणारे गडीसुद्धा तिथे कुजबुजायचे. दालनाच्या टोकाला एक उंच मनोरा होता, आतून पोकळ. उडी मारून आलेल्या छत्र्या त्यात वाळायला टांगलेल्या असत आणि वारा नसतानाही हळूहळू हलत असत. दुपारी डोळ्यांवर झापड आली की मी मनोऱ्यात जाऊन उभी राहायची आणि वर बघायची. आपण पाण्याच्या तळाशी आहोत आणि वर काहीतरी प्रचंड मोठं, शांत, सावकाश श्वास घेतंय असं वाटायचं. मग कोणीतरी "टाकेताई!" म्हणून हाक मारायचं आणि मी मशीनवर परतायची.

टाकेताई म्हणजे मी. सैन्यातली नव्हे, सैन्याकडे पगारावर असलेली शिलाईवाली. फाटलेली छत्री माझ्याकडे यायची. छत्री म्हणजे आपली पावसातली नव्हे. विमानातून उडी घेणाऱ्याच्या पाठीवर असते ती. त्या दालनात खऱ्या नावाने कोणी कोणाला हाक मारत नसे. सगळ्यांना एकेक नाव चिकटलेलं होतं, आणि ज्यांच्याबद्दल मला सांगायचंय त्यांचं होतं घडीमास्तर.

उंच, शिडशिडीत, मानेत जरा वाकलेले. छत्रीची घडी घालणं हे त्यांचं काम. आधी दोऱ्या सरळ करायच्या, मग एकेक पाकळी एकमेकीवर लावायची, हवा दाबून काढायची, घडी हलू नये म्हणून वर वाळूच्या पुरचुंड्या ठेवायच्या आणि शेवटी सगळं आभाळ एवढ्याशा झोळीत बसवायचं. ते कापडावरून हात फिरवायचे तेव्हा बघणाऱ्याला पेंग यायची. मोठमोठ्या अंगाची पोरं आपली पाळी येईपर्यंत भिंतीला टेकून त्यांचे हात बघत बसायची आणि झोपून जायची. "घडीभराचा भरवसा नाही म्हणतात," त्यातला एक नेहमी म्हणायचा, "पण मास्तरांच्या घडीचा आहे."

मास्तर स्वतःबद्दल फार बोलत नसत. तरी सोबत काम करताना थोडं थोडं झिरपतंच. त्यांची आई एका वसतिगृहात चादरी धुवायला होती. वाळलेली चादर एकट्याने घडी होत नाही, म्हणून शाळेतून आलं की हा पोरगा समोर उभा. दोन टोकं त्याची, दोन आईची. दोघं एकमेकांकडे चालत यायचे, मध्यावर हाताला हात लागायचे, टोकं आईच्या हातात जायची, की पुढची चादर. "मला जवळ घ्यायला तिला सवड कुठे होती," मास्तर एकदा म्हणाले, "पण दिवसातून कितीदा तरी हात लागायचे." पुढे कोणीतरी सांगितलं की सैन्यात कापडाच्या घड्या घालायचा पगार मिळतो. भरतीच्या रांगेत बाकीचे बंदुकीच्या आशेने उभे होते आणि हा गडी चादरींच्या. आमच्या दालनातल्या रिवाजाप्रमाणे त्यांनीही उड्या मारल्या. घडी घालणाऱ्याला स्वतःच्या घडीवर उडी मारता आलीच पाहिजे, असा तो रिवाज. एका उडीत गुडघा दुखावला, तेवढं ते जरा लंगडत.

त्यांची एक अट होती. डोकं तापलेलं असेल त्या दिवशी घडीला हात लावायचा नाही. "चिडून घातलेली घडी उघडताना चिडते," म्हणायचे. अशा दिवशी ते मनोऱ्यात दोऱ्या ओढायला जात. मग दालनात कुजबुज व्हायची, "आज घरचं माणूस रागावलंय वाटतं."

आता हे घरचं माणूस.

दालनातले इतर पुरुष बायकोबद्दल बोलताना "आमची मंडळी" म्हणत, "ही" म्हणत, किंवा नुसतंच वैतागून "घरून फोन आला" म्हणत. मास्तर कायम "घरचं माणूस" म्हणायचे. घरचं माणूस आजारी आहे. घरचं माणूस वाट बघत असेल. घरच्या माणसाला वांगं आवडत नाही. आपल्या भाषेची ही सोयच आहे. ती नाही, तो नाही, ते. काय तो मास्तरांचा जुन्या वळणाचा लाजाळूपणा, म्हणून सगळे कौतुक करायचे. बायकोचा 'ती' म्हणून उल्लेख करायचीही चोरी! कुठलाही प्रश्न आला, सहलीला येणार का, वर्गणी देणार का, तरी मास्तरांचं उत्तर ठरलेलं: "घरी विचारून सांगतो." पोरं त्यावरून त्यांची यथेच्छ टिंगल करायची आणि ते गालात हसायचे.

उस्तादांना हे सगळ्यात जास्त आवडायचं. उस्ताद म्हणजे पोरांना उडी शिकवणारे, मास्तरांचे भरतीपासूनचे दोस्त. छातीचा पिंप, आवाज नगाऱ्यासारखा, आणि खोटं बोलणारा माणूस दिसला की अंगावर पाल पडल्यासारखे दचकणारे. त्यांच्या बायकोला विणायचा नाद. ती दर हिवाळ्याला मास्तरांच्या घरच्या माणसासाठी एक मफलर विणून पाठवायची. कधी गुलाबी, कधी जांभळा, कडेला नाजूक फुलं. "आवडला का गं म्हणावं," उस्ताद सांगायचे. मास्तर दुसऱ्या दिवशी येऊन म्हणायचे, "घरच्या माणसाला फार आवडला. लगेच गळ्यात घातला."

ते खरंच होतं. मला ठाऊक होतं, कारण तो मफलर माझ्या भावाच्या गळ्यात होता.

माझा धाकटा भाऊ बस चालवतो. गावातून निघून छावणीच्या फाटकावरून पुढे जाणारी बस. आडवा, बोलका, स्वतःच्याच विनोदावर आधी स्वतः हसणारा. मास्तर त्याच बसने यायचे-जायचे, पुढच्या सीटवर बसायचे, त्याची बडबड ऐकायचे. एवढंच मला बरीच वर्षं माहीत होतं. एका सुट्टीच्या सकाळी मी न सांगता भावाच्या घरी गेले. दार उघडंच होतं. आत माझा भाऊ आणि घडीमास्तर समोरासमोर उभे राहून चादरीची घडी घालत होते. एकमेकांकडे चालत आले, हाताला हात लागले, आणि लागलेले हात तिथेच राहिले. खिडकीतून ऊन येत होतं, चादरीतून उडालेली बारीक धूळ त्यात तरंगत होती, आणि दोघांनाही कसलीच घाई नव्हती.

मी तशी भांडकुदळ बाई. माझ्या जिभेला हाड नाही असं आमच्या आईनेच जाहीर करून ठेवलेलं. पण त्या सकाळी मला एकही प्रश्न सुचला नाही. मी म्हटलं, "चहा झाला का?" भाऊ म्हणाला, "टाकतो." मास्तरांनी घडी केलेली चादर कपाटात ठेवली आणि मला बसायला खुर्ची पुसून दिली. इतकंच झालं. माझ्या भावाची काळजी करणारं कोणीतरी आहे, ह्याचा मला इतका आनंद झाला होता की परत येताना मी चुकीच्या थांब्यावर उतरले.

तेव्हाचा नियम सोपा होता आणि वाईट होता. पुरुषावर जीव असलेला पुरुष सैन्यात नको. कळलं तर घरी. आणि ज्याला कळलं त्याने वर कळवायचंच, नाहीतर तोही दोषी. म्हणजे मास्तरांच्या नोकरीची सगळी भिस्त एका अक्षरावर होती. 'आजारी होतं' म्हटलं की काम चालू. 'आजारी होता' म्हटलं की घडी विस्कटली.

मग एका वर्षी ह्या नियमावरूनच देशभर चर्चा सुरू झाली. समलिंगी माणसांनी सैन्यात उघडपणे राहावं का? वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने. चहाच्या टपरीवर जो तो सेनापती. सरकारने एक मंडळ नेमलं आणि ते मंडळ छावण्या-छावण्यांतून फिरून सैनिकांना काय वाटतं ते ऐकू लागलं. आमच्याकडे आलं तेव्हा सभा छत्र्यांच्या दालनातच घेतली, कारण तेवढी मोठी जागा दुसरी नव्हती. टेबलं भिंतीला सारली. मंडळाच्या तीन माणसांना खुर्च्या दिल्या. मागे मनोऱ्यात त्या पांढऱ्या छत्र्या हलत होत्या आणि मी मशीनमागे बसून दातओठ खात होते.

एकेक उठून बोलत होता. कोठारावरचे म्हणाले, "चर्चा कशाला हवी? आमच्यात असं कोणी नाहीच." ते ज्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते ते घडीमास्तर. एक जवान म्हणाला, मला काही फरक पडत नाही, त्याला नीट बूट बांधता येतात का एवढं बघा. एकजण म्हणाला, न्हाणीघरात अवघड वाटेल. त्यावर मागून कोणीतरी म्हणालं, "तुझ्याकडे बघतंय कोण?" आणि हशा झाला. मग उस्ताद उभे राहिले.

"मला बोलायची सवय नाही, ओरडायची आहे," ते म्हणाले. "पण सांगतो. मी पोरांना विमानाच्या दारातून बाहेर ढकलतो. ती पोरं माझ्यावर विसंबतात. मी घडी घालणाऱ्यावर विसंबतो. जो माणूस घरी एक, इथे एक, त्याच्यावर कसा विसंबू? लपवणारा माणूस मला चालणार नाही. म्हणून माझा विरोध."

टाळ्या पडल्या. मला इतका संताप आला की सुई बोटात गेली. लपवायला लावणार तुम्ही, आणि वर लपवतो म्हणून नावं ठेवणार तुम्हीच! चित भी मेरी, पट भी मेरी. पण मी शिलाईवाली. मला कोणी विचारलं नव्हतं.

मंडळातल्या बाई घडीमास्तरांकडे वळल्या. "तुम्ही इथले जुने. तुम्हाला काय वाटतं?"

मास्तर उठले. ओठ हलले. सगळं दालन त्यांच्याकडे बघत होतं. आणि त्यांच्या तोंडून सवयीने तेच निघालं:

"घरी विचारून सांगतो."

सगळे खदखदून हसले. मंडळातल्या बाईही हसल्या. उस्तादांनी तर मास्तरांच्या पाठीत थाप मारली. सभा हसत-खेळत संपली, आणि मास्तर खाली बसले ते कितीतरी वेळ आपल्या पंजांकडे बघत होते.

ही गोष्ट मी भावाला सांगितली. सांगायला नको होती का? मला तर वाटतं बरं झालं सांगितली. भाऊ आधी हसला आणि मग हसता हसता थांबला. मास्तर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते.

"विचारणार होतास ना घरी?" भाऊ म्हणाला. "विचार की."

"अरे, ते आपलं असंच..."

"असंच नाही. इतकी वर्षं ऐकतोय मी. घरचं माणूस आलं, घरचं माणूस गेलं. कायद्यात मी समलिंगी, तुझ्या तोंडात नपुंसकलिंगी. पुल्लिंगी मी कुठेच नाही का?"

मला हसू आवरेना. मास्तरांनाही हसू आलं. भावाला मात्र आलं नाही, आणि त्याच्या विनोदावर तो स्वतः हसला नाही असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"मला काय पाहिजे सांगू?" तो हळू आवाजात म्हणाला. "भाषण नको. मिरवणूक नको. तू त्या उडीत गुडघ्यावर पडलास तेव्हा मी दवाखान्याच्या फाटकाबाहेर बस लावून बसलो होतो. आत जाऊन विचारायची सोय नव्हती. उद्या मी मेलो, तर तू तिथे काय सांगशील? घरचं माणूस गेलं? एकदा फक्त 'तो' म्हण. चार लोकांत. एकदा."

"काम जाईल रे," मास्तर म्हणाले.

"माहीत आहे."

"दुसरं काही येत नाही मला."

"तेही माहीत आहे," भाऊ म्हणाला आणि भांडी घासायला गेला. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. मास्तरांनी फडकं घेतलं आणि घासलेलं एकेक भांडं पुसत त्याच्या शेजारी उभे राहिले.

त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते धुक्यातून बघितल्यासारखे. मंडळाचा निर्णय काही येईना. मास्तर घड्या घालत होते, पण मधेच हात थांबायचा आणि ते पांढऱ्या कापडाकडे बघत राहायचे. मला म्हणाले, एक स्वप्न पडतं. उडी मारतोय, छत्री छान उघडते, आणि खाली जमीनच नाही. भीती वाटत नाही. नुसतं तरंगत राहायचं. खूप खाली एक बस जाताना दिसते, दिवे लावलेली, एवढीशी. तिच्या मागे मागे वारा आपल्याला नेतो, पण ती थांबत नाही आणि आपण उतरत नाही. "मग जाग कशाने येते?" मी विचारलं. "त्याच्या घोरण्याने," मास्तर म्हणाले. माझ्यापाशी ते 'त्याच्या' म्हणत. फक्त माझ्यापाशी.

आणि मग तो दिवस. काही विशेष नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी उडी होती, म्हणून घडी घातलेल्या छत्र्या मांडणीवर ओळीने लावून ठेवल्या होत्या. दुपारी आम्ही नेहमीसारखे टेबलाच्या टोकाशी जेवायला बसलो. उस्ताद, कोठारावरचे, दोन-तीन जवान, मी आणि मास्तर. मास्तरांनी डबा उघडला, पहिला घास घेतला, आणि तोंड वाकडं करून म्हणाले,

"मीठ घालायला विसरला."

उस्तादांनी मिठाची पुडी पुढे सरकवली. नेहमीच्या सवयीने. मग त्यांचा हात तिथेच थांबला.

"कोण?" ते म्हणाले.

मास्तरांच्या तोंडात घास तसाच होता. वर मनोऱ्यात कापड कापडावर घासल्याचा आवाज येत होता, इतकी शांतता. मास्तरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, मग सगळा चेहरा. पुढे कधीतरी मी त्यांना विचारलं होतं, मुद्दाम म्हणालात की घसरलं? "घसरलं," ते म्हणाले. "पण घसरल्यावर इतकं हलकं वाटलं, ताई, की मी तसाच बसून राहिलो."

उस्ताद त्यांच्याकडे टक लावून बघत होते. मी त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जुळताना बघितली. "तो बसवाला," ते शेवटी म्हणाले. "गुलाबी मफलरवाला. मी त्याला एकदा हसलो होतो. बायकी मफलर म्हणून." त्यांनी डबा बंद केला. "तुम्ही मला इतकी वर्षं..." बास, एवढंच. आयुष्यभर 'अरे मास्तर, तू' म्हणणारा माणूस 'तुम्ही' म्हणाला आणि उठून मोठ्या साहेबांच्या खोलीकडे चालता झाला.

जेवणं तशीच राहिली. थोड्या वेळाने बोलावणं आलं. मास्तरांना, आणि जेवायला होतो त्यांच्यापैकी मलाही, साक्षीदार म्हणून.

मोठे साहेब निवृत्तीला आलेले, केस पिकलेले, कोणाचं वाईट व्हावं असं न वाटणारे. कपाळाला आठी घालून बसले होते. उस्ताद खिडकीपाशी ताठ उभे. साहेबांनी मास्तरांना बसायला सांगितलं. मास्तर उभेच राहिले.

"हे बघा," साहेब म्हणाले, "तक्रार आली आहे, त्यामुळे विचारणं भाग आहे. पण मी काय म्हणतो, जेवताना माणसाच्या तोंडात घास असतो. शब्दाचा शेवट नीट ऐकू येतोच असं नाही. तुम्ही 'विसरलं' म्हणाला असाल. घरचं माणूस मीठ विसरलं. तुम्ही तसंच बोलता हे सगळ्या छावणीला माहीत आहे. ऐकणाऱ्याला 'विसरला' ऐकू आलं. असं होऊ शकतं की नाही?"

मला साहेबांच्या पाया पडावंसं वाटलं. किती सोपं करून ठेवलं होतं त्या माणसाने. जिभेचं टोक जरासं इकडचं तिकडे केलं की नोकरी शाबूत, दालन शाबूत, सगळी घडी जागच्या जागी. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "टाकेताई, तुम्ही काय ऐकलंत?"

मी एका क्षणात म्हटलं, "विसरलं. मी 'विसरलं' ऐकलं, साहेब. शपथेवर."

खोटं बोलले. तोंड वर करून बोलले. भावासाठी आणि मास्तरांसाठी आणखी दहा वेळा बोलले असते. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला आणि मास्तरांकडे बघितलं. मास्तर माझ्याकडे बघत होते. इतक्या प्रेमाने माझ्याकडे माझ्या नवऱ्यानेही कधी बघितलं नसेल.

"ताई माझ्यासाठी खोटं बोलतायत," ते म्हणाले. "मी 'विसरला' म्हणालो, साहेब. मीठ घालायला तो विसरला. तो नेहमीच विसरतो."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. "कळतंय ना तुम्हाला, काय बोलताय?"

"हो. आता परत नाही फिरवता येणार मला. त्याने एवढंच मागितलं होतं."

मग साहेबांनी सांगितलं, आवाज अगदी कोरडा करून, की मंडळाचा निर्णय येईपर्यंत मास्तरांनी दालनात यायचं नाही. निर्णय विरुद्ध आला तर काम गेलं. आणि उद्याच्या उडीसाठी मास्तरांनी घातलेल्या घड्या उलगडून दुसऱ्याकडून घालून घ्याव्यात.

मास्तर पहिल्यांदाच हलले. काम जाईल ह्याची त्यांनी तयारी केली असावी, ह्याची नव्हती. त्यांनी टेबलाची कड धरली.

"का?" खिडकीकडून आवाज आला. उस्तादांचा. "घडी का उलगडायची?"

"तक्रार तुमचीच आहे," साहेब म्हणाले. "विश्वासाची."

"माझी तक्रार लपवण्याची होती. लपवणारा माणूस चालणार नाही म्हणालो होतो मी, सभेत, सगळ्यांसमोर." उस्तादांचा आवाज फुटला होता, ओरडायची सवय असूनही. "ते आता लपवत नाहीयेत. तुम्ही दार उघडून दिलंत, तरी पळाले नाहीत. उद्या मी त्यांच्याच घडीवर उडी मारणार. माझी पोरंसुद्धा. उलगडायचं असेल तर आधी मला बाजूला काढा."

साहेबांनी हात हलवून आम्हाला जायला सांगितलं. मांडणीला त्या दिवशी कोणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सगळ्या छत्र्या आभाळात उघडल्या. पुढे मंडळाचा निर्णयही आला, आमच्या बाजूने आला, आणि घडीमास्तर परत त्यांच्या टेबलाशी उभे राहिले. पण हे पुढचं. त्या संध्याकाळी आम्हाला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्ही साहेबांच्या खोलीतून बाहेर पडलो तेव्हा मास्तरांचं काम गेल्यात जमा होतं, एवढंच खरं होतं.

उस्ताद आमच्या मागून बाहेर आले. पायरीवर थांबले. "मला हे सगळं पटलंय असं समजू नकोस," ते मास्तरांना म्हणाले. "रागावलोय मी तुझ्यावर. अजून बरेच दिवस रागावणार आहे." मग फाटकाकडे बघून म्हणाले, "चल, निघ. बस चुकेल तुझी." आणि जरा थांबून, "ते थांबतील म्हणा."

थांबेल नव्हे. थांबतील. मास्तरांनी ऐकलं, मीही ऐकलं. आम्ही दोघं फाटकापर्यंत चालत गेलो. ऊन उतरलं होतं, रस्त्यावर झाडांच्या लांब सावल्या पडल्या होत्या, आणि मला आपण जमिनीपासून जरा वरून चाललोय असं वाटत होतं.

बस उभी होती. सुट्टीवर निघालेल्या जवानांनी आणि बाजाराच्या पिशव्यांनी गच्च भरलेली. माझा भाऊ स्टिअरिंगवर हात टाकून बसला होता. मास्तर पुढच्या दाराने चढले आणि रोजच्या सीटवर न बसता त्याच्या शेजारीच उभे राहिले.

"बस की," भाऊ म्हणाला. "असा का उभा? काय झालं?"

"काम गेलं."

भावाने किल्लीवरचा हात काढला. "कशाने?"

"तू डब्यात मीठ विसरलास," मास्तर म्हणाले, चांगलं मोठ्याने. आयुष्यात एवढा मोठा आवाज त्यांनी काढला नसेल. "तेवढंच मी सांगितलं जेवताना. मीठ घालायला विसरला, म्हणून. मग साहेबांसमोर परत सांगितलं."

"विसरला?" भाऊ म्हणाला. "असंच? विसरला?"

"असंच. विसरला."

भावाने मास्तरांचा हात धरला, सगळ्या बसदेखत, आणि धरूनच ठेवला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं तरी त्याने पुसलं नाही. मागे कोणालातरी घाई होती. पिशव्यांच्या आडून आवाज आला, "ओ ड्रायव्हर, निघायचं की नाही आज?"

भावाने मान वळवली.

"थांबा हो जरा," तो म्हणाला. "घरातलं बोलणं चाललंय आमचं."